ओटी भरेपर्यंत

माझ्या बायकोला, भागूबाईला, एसटी लागते. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाची बायको, आणि गाडीनं पहिलं वळण घेतलं की हिचं तोंड पदरात. डेपोतल्या लोकांनी यावरून माझी किती खेचली ते सांगत नाही. म्हणून गंगाखेडला जायचं ठरलं तेव्हा रेल्वेनंच जायचं हे ओघानं आलं, आणि माझं डोकं तिथूनच फिरलं.

"पैठण तासाभरावर हाय," मी म्हणालो होतो. "गंगा तिथं बी तीच. पैठणचंच पाणी खाली गंगाखेडला जातंय की."

"माझं बोलणं गंगाखेडच्या गंगेसंगं झालंय," ती म्हणाली. "पैठणच्या गंगेला काय माहीत?"

तिचं माहेर गंगाखेडच्या अलीकडं चार कोसांवर. आमची मुलगी सोनिया, तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोरीच्या हाती काही लागलं नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सात महिने पलंगावरून उतरू दिलं नाही. तेव्हा भागूबाईनं नवस बोलला. लेकरू सुखरूप हातात आलं तर गंगेची ओटी भरीन, आणि घरचा उंबरा ओलांडल्यापासून ओटी भरेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. तिच्या माहेरी अशी रीतच आहे. तिची आई अशीच मुक्यानं गंगेवर गेली होती, आजीही गेली होती.

"आन् मधीच बोललं तर?" मी विचारलं होतं.

"ज्याच्यासाठी नवस बोलले त्याच्यावर जातं," ती म्हणाली, आणि पोह्यात हळद टाकायला लागली. मी तो विषय परत काढला नाही.

मुलगा झाला. सव्वा महिना झाला. जानेवारीतल्या एका बुधवारी, पहाटे पाचला, सोनिया आणि बाळ गाढ झोपेत असताना आम्ही निघालो. भागूबाईनं उंबऱ्याबाहेर पाय ठेवला, माझ्याकडं वळून ओठांवर बोट ठेवलं, आणि संपलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात एवढी शांतता माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. मनातून मी खूश होतो, खोटं कशाला बोलू?

पॅसेंजर स्टेशनावर वीस मिनिटं उशिरानं लागली. मी खिशातली डायरी काढून वेळ टिपली. ही माझी जुनी खोड. नोकरीत दर थांब्याची वेळ लिहावी लागायची, रिटायर झालो तरी हात थांबला नाही. शिवाय रेल्वे किती रखडते याचा पुरावा मला हवा होता, म्हणजे परतीच्या वाटेवर भागूबाईचं तोंड मोकळं झालं की तो तिच्या पुढ्यात टाकता येईल.

डबा बऱ्यापैकी रिकामा होता. ती खिडकीशी बसली, मी तिच्या डाव्या बाजूला. मांडीवर ओटीची पिशवी. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या, सगळं तिनं रात्रीच भरून ठेवलं होतं. तिनं उजव्या हातात तुळशीची माळ घेतली आणि डोळे मिटले.

मग मी तिला डिवचायला सुरुवात केली. आधी तिच्या भावाचं काढलं, तो कसा लग्नात जेवायच्या पंगतीत झोपला होता. ती गप्प. मग म्हणालो, "काय बी म्हण, तुझ्या आईच्या हातची आमटी पाणचटच असायची." एरवी या एका वाक्यावर जालन्यापर्यंतची सोय झाली असती. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, नाकपुड्या फुगवल्या आणि पुन्हा माळ ओढायला लागली. मी मोठ्यानं हसलो. "हे बरंय," म्हणालो, "वर्षातून एकदा असा नवस बोलत जा."

जालन्याला सात बावीस. तिथं चहा घेतला. तिनं कप घेतला, अर्धा चहा माझ्या कपात ओतला, नेहमीसारखा. परतूरला आठ चौदा. थंडी मोप होती, खिडकीतून वारा आत घुसत होता. सातोन्याला गाडी थांबली तेव्हा तिनं उठून दोन्ही हातांनी खिडकीचं शटर खाली ओढलं. ते अडकलं होतं, तिनं जोर लावला आणि ते खाडकन आदळलं. मी वेळ टिपली, आठ एकतीस.

त्यानंतर मला डुलकी लागली असावी.

सेलूला जाग आली. आठ बावन्न. माळ तिच्या डाव्या हातात होती. आता आमचा धंदा असा की कंडक्टर माणसाचं तोंड बघत नाही, हात बघतो. हातात नोट आहे की पास आहे, पोराला मांडीवर दडवलंय का, एवढंच बघायचं. त्यामुळं माळ डाव्या हातात गेलेली माझ्या लगेच ध्यानात आली.

"काय गं," मी म्हणालो, "गंगेला डावा हात चालतो व्हय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माळ मांडीवर ठेवून डाव्या हातानं माझी बाही ओढली आणि मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडं बोट केलं.

"मुंग्या आल्यात?" मी विचारलं. "खिडकीला टेकून बसलीस रातभर जागलेली, मग दुसरं काय होणार." मी तो हात माझ्या हातात घेऊन चोळला. गार होता. थंडीचा असेल म्हणालो आणि शालीखाली सरकवून दिला. तिनं पुन्हा बाही ओढली. मी म्हणालो, "अगं जाईल. धीर धर जरा." आणि डायरीत सेलूपुढं लिहिलं, पंचेचाळीस मिनिटं लेट.



मानवत रोडला एक बाई चढली. पन्नाशीची, अंगावर निळी साडी, हातात डब्याची पिशवी. समोरच्या बाकावर बसली. गाडी हलल्यावर नेहमीची विचारपूस झाली. तिचं नाव सरूबाई, परभणीला एका मोठ्या दवाखान्यात वॉर्डात मावशी म्हणून होती, रोज जाऊन येऊन करायची. मीही सांगितलं, गंगाखेड, नातू, ओटी, सगळं. बोलताना तिची नजर माझ्यावर नव्हती. भागूबाईच्या तोंडावर होती.

"ह्या बोलना गेल्यात का?" तिनं विचारलं.

"मौन हाय," मी हसत म्हणालो. "ओटी भरेपर्यंत."

"ते ऐकलं मी. तोंड कवापासून असं हाय त्यांचं?"

"कसं?"

"इकडं येऊन बघा, मामा."

मी उठलो आणि तिच्या बाकापाशी जाऊन माझ्या बायकोकडं समोरून बघितलं. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा नीट बघितलं. तोंडाचा उजवा कोपरा खाली उतरला होता. त्यातून लाळ हनुवटीवर आली होती आणि ती डाव्या हातानं पदर धरून पुसत होती. उजवा हात मी सरकवला होता तिथंच, शालीखाली.

मी वरच्या बर्थची साखळी धरली.

सरूबाई उठून तिच्यापुढं उकिडवी बसली. "माय, जरा हसून दाखवा बरं," ती म्हणाली. भागूबाई हसली. अर्धंच तोंड हसलं. "आता दोन्ही हात असे वर करा." डावा हात वर आला. उजवा शालीतून वीतभर उचलला गेला आणि मांडीवर पडला. पिशवीतल्या बांगड्या वाजल्या.

"आता नाव सांगा तुमचं."

भागूबाईनं मान हलवली. नाही.

"सांगा की माय, नुसतं नाव."

पुन्हा नाही. ओठ घट्ट मिटलेले, उजवीकडून तेवढे मिटत नव्हते.

सरूबाई माझ्याकडं वळली. "मामा, हे लकव्याचं दिसतंय. आमच्या वार्डात रोज येतात असे. पर मला हे कळंना, त्यांना बोलता येत नाय का त्या बोलत नायत?"

मलाही कळत नव्हतं. मी तिच्याजवळ गुडघ्यावर बसलो. डब्यातली माणसं वळून बघायला लागली होती, त्यांची मला पर्वा नव्हती. "भागू," मी म्हणालो, "बोल. एक शब्द बोल. आमटीचं खोटं बोललो मी. शिवी दे मला. काय बी बोल."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं डावा हात छातीपाशी नेला आणि हलकेच इकडून तिकडं हलवला. पाळणा हलवतात तसा.

तेव्हा मला कळलं. सेलूला तिनं बाही ओढली तेव्हाच तिला समजलं होतं की आपल्याला काहीतरी झालंय. एक शब्द बोलली असती तर मी गाडीची साखळी ओढली असती, सेलूला उतरवली असती. ती बोलली नाही, कारण बोललं की ते नातवावर जाणार. मला तिचा असा राग आला, असा राग, की तिथंच तिला गदागदा हलवावं. आणि त्याच वेळी भीतीही वाटत होती. माझ्या नोकरीत गाडी पुलावरून एकदा लटकली होती, दोन चाकं बाहेर, तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

"पाप माझ्या डोक्यावर घेतो," मी म्हणालो. "पोराला काय होत नाय. बोल."

तिनं मान हलवली.

सरूबाईनं फोन काढून दवाखान्यात कळवलं, गाडी स्टेशनावर पाठवायला सांगितली. पेडगावला पॅसेंजर उगाचच थांबली. सिग्नल नव्हता म्हणे. मी दारात जाऊन पुढं बघत राहिलो. डबल बेल मारून गाडी हाकायची सवय असलेला माणूस मी, आणि तिथं कुणाला बेल मारणार? मिनिटाला एकदा मागं वळून बघायचो, ती बसलीय का. बसलेली होती. एका अंगावर कललेली, पण माळ डाव्या हातात धरलेली.

परभणी, दहा बारा. हात आपोआप डायरीकडं गेला आणि मी ते लिहिलं, देवाशपथ. का लिहिलं माहीत नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत पावणेअकरा झाले. डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला, घाईतला. त्यानं तिचे डोळे, हात, पाय तपासले आणि मला बाजूला घेतलं.

"हे कधी सुरू झालं?"

"गाडीत."

"किती वाजता? नक्की वेळ सांगा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वेळ माहीत नसेल तर देता येत नाही, उलट रक्तस्राव होऊन माणूस जातो. त्या शेवटच्या अगदी नीट कधी होत्या? बोलत कधी होत्या?"

"बोलत तर ती पाच वाजल्यापासून नाय."

"पहाटे पाच?" त्यानं घड्याळाकडं बघितलं. त्याचा चेहरा बदलला. पाचनं हिशेब धरला तर केव्हाच वेळ टळून गेली होती.

"तसं नव्हं, साहेब," मी म्हणालो. "तिचं मौन हाय. नवस हाय. ती ठणठणीत होती, नुसती बोलत नव्हती."

"मौन? मग सुरू कधी झालं हे तुम्हाला कळणार कसं?"

तो वैतागला होता, आणि खरं होतं त्याचं. माझ्या शेजारी बसून माझी बायको अर्धी निकामी होत होती आणि मी तिच्या आईची आमटी काढत होतो. आता मी चुकीची वेळ सांगितली तर हे लोक तिला मारतील, आणि बरोबर सांगता आली नाही तर ती अशीच राहील. मी भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले आणि थांबे मोजायला लागलो. आयुष्यभर मला दिवस असाच आठवत आलाय. काल काय झालं ते विचारलं तर मी थांब्यांवरून सांगतो. कोण कुठं चढलं, कोण कुठं उतरलं.

जालना, तिनं उजव्या हातानं चहा ओतला. परतूर, माळ उजव्या हातात. सातोना, दोन्ही हातांनी शटर ओढलं, जोर लावून. सेलू, माळ डावीकडं.

"सातोन्याला धडधाकट होती," मी म्हणालो. "दोन्ही हात वर करून शटर ओढलं तिनं. सेलूला हात गेलेला होता."

"वेळ?"

मी डायरी काढून त्याच्यापुढं धरली. "सातोना आठ एकतीस. ही गाडी थांबल्याची वेळ हाय, टाइमटेबलातली नाय."

त्यानं वाचलं, मग माझ्याकडं बघितलं. "म्हणजे एक वाजेपर्यंत वेळ आहे," तो म्हणाला आणि पळाला.

डोक्याचा फोटो काढला. मग माझ्यापुढं कागद आला, इंजेक्शननं डोक्यात रक्त उतरू शकतं, जीवही जाऊ शकतो, हे मला समजलंय अशी सही. मी वाचलं, पुन्हा वाचलं. विचारायला बाजूला कोणी नव्हतं. एरवी असल्या वेळी मी तिलाच विचारायचो. मी सही केली. बाराला वीस मिनिटं असताना औषध चालू झालं.

मुलगा इंद्रजीत चिकलठाण्याला कंपनीत आहे. त्याला फोन केला, तो मित्राची गाडी घेऊन तीनपर्यंत आला. सोनियाला सांगायचं नाही एवढं आमचं ठरलं. ओली बाळंतीण, दूध आटायचं.

चारच्या सुमारास भागूबाईच्या उजव्या हाताची बोटं हलली. डॉक्टरनं त्याचं बोट तिच्या मुठीत दिलं, तिनं दाबलं. तो पहिल्यांदाच हसला. "औषध लागू पडतंय," म्हणाला. "आजी, आता नाव सांगा बघू."

तिनं मान हलवली.

डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन आला. "हात सुधारतोय, पाय सुधारतोय. त्या मानानं थोडं तरी बोलणं यायला हवं होतं. एखादा शब्द, निदान आवाज. गुठळी बोलण्याच्या जागेजवळच होती. तिथलं काही गेलं असेल तर..." तो थांबला. "पण त्या प्रयत्नच करत नाहीत. त्यामुळं मला काहीच सांगता येत नाही."

इंद्रजीत आत जाऊन आईजवळ बसला. "आई, बोल गं. असल्यानं काय होत नसतं. बाळ मस्त हाय, सोनियाचा आताच फोन आलता." तिनं तोंड फिरवलं आणि डाव्या हातानं कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं खुर्चीवर ओटीची पिशवी होती.

मी पिशवी उचलली.

"बाबा, कुठं निघालात?"

"गंगाखेडला. तासाचा रस्ता हाय."

"ह्या टायमाला? तिला टाकून?" त्याचा आवाज चढला. "तुमचा तर असल्या गोष्टींवर इस्वास बी नाय. आयुष्यभर हसत आलाव तुम्ही तिच्या नवसांना."

"माझा नाय," मी म्हणालो. "तिचा हाय ना. ओटी भरल्याबिगर ती तोंड उघडणार नाय, आन् तोंड उघडल्याबिगर डॉक्टरला कळणार नाय. मी फोन करतो. तू फोन तिच्या कानाला लाव."

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. "जातो आणि भरून येतो," म्हणालो. तिनं माझी बाही धरली. या वेळी ओढली नाही, नुसती धरली आणि सोडली.

परभणीहून एसटी मिळाली. वाटेत पोखर्णी, मग उसाचे ट्रॅक्टर, मग अंधारून यायला लागलं. आजवर कधी मला एसटी सावकाश चालते असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी ड्रायव्हरला उतरवून मीच चालवावी असं वाटलं. सहाच्या सुमारास मी घाटावर पोचलो. पाणी खाली गेलं होतं, पायऱ्यांवर शेवाळ वाळलेलं. फार कोणी नव्हतं. फुलं विकणारी एक म्हातारी टोपली आवरत होती. मी पायऱ्या उतरून पिशवी उघडली, खण काढला, आणि मला आठवलं की मला यातलं काहीच येत नाही. आधी तांदूळ की आधी नारळ? पुरुषानं भरलेली चालते का? भागूबाईच्या नवसात मी खोट आणली तर?

"दादा, बाप्या माणसानं ओटी भरायची नसती," म्हातारी वरून म्हणाली. "मालकीण कुठंय?"

"दवाखान्यात."

एवढंच म्हणालो. ती खाली आली. भामाबाई तिचं नाव. मी तिला सगळं सांगितलं, मुकं येण्याचंही. ती रीत तिला ठाऊक होती, त्यामुळं फार समजवावं लागलं नाही. तिनं हात धुतले, पदर डोक्यावर घेतला. "नाव सांगा त्यांचं आन् गावाचं." मी सांगितलं. तिनं खण पाण्याला लावला, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या, एकेक करून भागूबाईचं नाव घेत वाहिलं. शेवटी नारळ माझ्या हातात दिला. "हा तुमी सोडा. मग झाली ओटी. मग बोलल्या तरी चालतंय."

मी पाण्यात घोट्याएवढा उतरलो. पाणी बर्फासारखं गार होतं. नारळ हातात धरून मी उभा राहिलो, आणि माझ्यानं तो सोडवेना.

सकाळपासून मी घाबरत होतो, पण ही भीती निराळी होती. हा नारळ हातात आहे तोवर ती बोलत नाही ते नवसापायी बोलत नाही, असं मला म्हणता येत होतं. सोडला की ती ढाल गेली. मग फोन लावायचा, आणि पलीकडं शांतताच असली तर ती शांतता कायमची. एकेचाळीस वर्षं मी या बाईच्या बडबडीला वैतागलो होतो. पहाटे उंबऱ्याबाहेर खूश झालो होतो. मी ते दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं, पण त्या पाण्यात उभं राहून मी गंगेला म्हणालो की मी मूर्ख होतो, पहाटेचं ते माझं खूश होणं ऐकू नको.

"सोडा आता," भामाबाई म्हणाली. "अंधार पडायलाय."

मी नारळ सोडला. पायरीवर येऊन बसलो. फोन हातात घेऊन पुष्कळ वेळ तसाच बसलो, मग लावला.

"बाबा?" इंद्रजीतचा आवाज.

"भरली," मी म्हणालो. "तिच्या कानाला लाव."

खरखर झाली. मग तिचा श्वास ऐकू आला.

"भागू, ओटी भरली. तुझ्या नावानं भरली, रीतीनं भरली. एका बाईनं भरलीय, मी नाय. नवस फिटला. आता पोराला काय बी होत नाय." मी थांबलो. "बोल."

श्वास. नुसता श्वास, जोरजोरात. मागं इंद्रजीत काहीतरी म्हणाला. मी फोन कानात रुतेपर्यंत दाबून धरला. खूप वेळ गेला. मला वाटलं, गेलं. सगळं गेलं.

"आ..." आवाज घोगरा, ओळखू न येण्यासारखा. "आ... वो."

मी बोललो नाही. मला भीती वाटली, मी बोललो तर ते मोडेल.

"आवो," ती पुन्हा म्हणाली. मग थांबली. पुढचा शब्द तिला सापडत नव्हता, ती त्याच्यासाठी धडपडताना मला ऐकू येत होती, काहीतरी निसटत होतं आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. "आवो... आवो..."

"हां," मी म्हणालो. "घाई नाय. ऐकायलोय मी."

भामाबाईनं टोपली डोक्यावर घेतली आणि ती पायऱ्या चढून गेली. मी तिथंच बसून राहिलो. भागू म्हणायची "आवो", मी म्हणायचो "हां", आणि पुढचा शब्द येईपर्यंत फोन ठेवायचा नाही असं मी ठरवलं होतं.